बेसी आमचं नाटक सोडून गेली असती का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



संयोजकांनी मला 'परदेशातले अनुभव' असा विषय दिला होता. त्या विषयावर बोलू शकतील असे आपल्या बॅचमध्ये निदान सहा जण आहेत, आणि त्यातले दोघं तर कालपासून बोलतच आहेत. (हशा) म्हणून मी विषय बदलून मागितला. गेली तीन वर्षं मी एका नाटकात गुंतले आहे. ते अजून रंगभूमीवर आलेलं नाही, कधी येईल हेही सांगता येत नाही. त्या अर्धवट नाटकाबद्दलच बोलते.

आधी माझा त्यातला वाटा सांगते, म्हणजे गैरसमज नको. शिकागोत दिवसभर मी एका ऑफिसात हिशेब बघते. आठवड्यातून तीन संध्याकाळी एका छोट्या नाट्यसंस्थेत तालमीला पियानो वाजवते. आपल्याकडे तालमीला पेटीवाला असतो ना, नटाला सूर द्यायचा, तो घसरला की सावरायचा, दिग्दर्शक ओरडला की गप्प बसायचं, तेच काम. शिवाय संगीतकाराने गुणगुणलेलं स्वरलिपीत उतरवून ठेवायचं. लेखिका, संगीतकार, दिग्दर्शक, सगळे कृष्णवर्णीय अमेरिकन आहेत. नाटक त्यांचं आहे. मी पेटीवाली.

नाटक बेसी कोलमनवर आहे. तुमच्यापैकी कुणी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उतरला असाल, तर तिथे 'बेसी कोलमन ड्राइव्ह' नावाचा रस्ता आहे. मीही कितीतरी वर्षं पाहुण्यांना आणायला त्या रस्त्याने गेले, पाटी वाचली, आणि ही बाई कोण असं कधी विचारलं नाही. बहुतेक एखाद्या नगरसेवकाची आई असेल असं वाटायचं.

बेसी २६ जानेवारी १८९२ रोजी टेक्सासमध्ये जन्मली. आई-वडील शेतमजूर, तेरा भावंडं. वॅक्साहाची नावाच्या गावात ती वाढली. कापूस वेचणीचा हंगाम आला की शाळा बंद, कारण मुलं रानात. ती नऊ वर्षांची असताना वडील घर सोडून ओक्लाहोमाकडे निघून गेले. आई दुसऱ्यांच्या घरी राबायची, बेसी कपडे धुवायची. साठवलेल्या पैशांत ओक्लाहोमातल्या लँग्स्टनच्या कॉलेजात तिने एक सत्र केलं, पैसे संपले, परत आली. १९१५ साली भावांच्या मागोमाग शिकागोला आली आणि पुरुषांच्या केशकर्तनालयात गिऱ्हाइकांची नखं घासून चकाकवायचं काम करू लागली.

तिचा भाऊ जॉन पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आला होता. तो तिला चिडवायचा, तिकडच्या बायका विमानं उडवतात, तुमच्याच्यानं काय होणार! तिने ते मनावर घेतलं. पण अमेरिकेत कृष्णवर्णीय बाईला विमान शिकवायला एकही शाळा तयार होईना. 'शिकागो डिफेंडर' या वर्तमानपत्राचे संस्थापक रॉबर्ट अ‍ॅबट यांनी तिला सांगितलं, फ्रान्सला जा. मग ती आधी फ्रेंच शिकली, नोव्हेंबर १९२० मध्ये बोटीत बसली, आणि उत्तर फ्रान्समध्ये ल क्रोत्वा इथे कोद्रों बंधूंच्या शाळेत दाखल झाली. १५ जून १९२१ रोजी तिला आंतरराष्ट्रीय वैमानिक परवाना मिळाला. कृष्णवर्णीय स्त्रियांमधली ती पहिली परवानाधारक वैमानिक. पुढे तिने अमेरिकेत गावोगावी हवाई कसरती करून दाखवल्या. कृष्णवर्णीयांसाठी विमानविद्येची शाळा काढायची, त्यासाठी पैसे जमवायचे, हा सगळा खटाटोप. शाळा तिच्या हयातीत झाली नाही. ३० एप्रिल १९२६ रोजी, चौतिसाव्या वर्षी, फ्लॉरिडात जॅक्सनव्हिलला अपघातात ती गेली.

इथे बसलेल्या इतिहासाच्या सरांच्या डोक्यात काय आलं असेल ते मला ठाऊक आहे, कारण माझ्याही तेच आलं. आपल्या देशात शिकवत नाहीत म्हणून समुद्र ओलांडून जाणारी मुलगी आपण पाहिलेली आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली निघाल्या, १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि वर्षाच्या आत पुण्यात वारल्या, बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. दुसरी गोष्ट म्हणजे महात्मा फुल्यांची 'गुलामगिरी'. १८७३ सालचं ते पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं होतं. हे मी एकदा तालमीच्या मधल्या सुट्टीत सांगितलं. आमची लेखिका सँडविच खाता खाता थांबली. म्हणाली, पुण्यात बसलेल्या माणसाने? त्या काळात? मी म्हटलं, हो, आणि त्यांच्या घरातली बाईही शाळा चालवायची. तिने ते वहीत टिपून घेतलं. नाटकात ते येणार नाही, यायचं कारणही नाही. पण त्या दिवसापासून ती मला चर्चेच्या टेबलाशी खुर्ची ओढून देऊ लागली. त्याआधी मी पियानोच्या स्टुलावरूनच ऐकायचे.

आता तिकडे म्युझिकल कसं बसवतात ते थोडक्यात. आपल्याकडे संहिता आली, चाली लागल्या, तालमी झाल्या, की नारळ फुटतो. तिकडे नारळ फुटायला वर्षं लागतात. 'हॅमिल्टन'मधलं पहिलं गाणं लिन-मॅन्युएल मिरांडाने २००९ साली व्हाइट हाउसमध्ये गाऊन दाखवलं आणि नाटक ब्रॉडवेवर आलं २०१५ मध्ये. मधल्या काळात वाचनं होतात. व्यावसायिक नटांच्या संघटनेचा त्यासाठी नियम आहे, एकूण एकोणतीस तास. तेवढ्यात नटांनी गाणी शिकायची, हातात संहिता धरून स्टँडसमोर उभं राहायचं आणि निमंत्रितांपुढे वाचायचं. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. तिसाव्या तासाला नट तुमचे नाहीत. आपली गॅदरिंगची तालीम रात्री साडेदहापर्यंत चालायची आणि शाळेचा शिपाई कुलूप वाजवत उभा राहायचा, तसाच हा प्रकार.

दुसरा फरक गाण्याचा, आणि तो मला समजायला सोपा गेला नाही. आपल्या संगीत नाटकात पद सुरू झालं की गोष्ट थांबते. आपण नववीत 'शारदा'तला प्रवेश केला होता तेव्हा संगीताच्या बाई सांगायच्या, पदात घाई करू नका, प्रेक्षक तेवढ्यासाठी तर आलाय. वन्स मोअर आला की तीच भावना पुन्हा पहिल्यापासून. अमेरिकन म्युझिकलमध्ये उलटं. गाणं संपताना पात्र जिथे होतं तिथेच राहिलं, तर ते गाणं कितीही गोड असो, कापतात. दर गाण्यानंतर दिग्दर्शक एकच प्रश्न विचारतो, आता काय बदललं? पहिल्या सहा महिन्यांत माझ्या आवडीची चार गाणी या प्रश्नावर गेली.

बेसीच्या बाबतीत सर्वांत मोठी अडचण तुम्हाला वाटेल की विमानाची. रंगमंचावर विमान आणायचं कसं? तो प्रश्न सर्वांत आधी सुटला. केशकर्तनालयातली खुर्ची. फिरते, मागे कलते, वर-खाली होते. पहिल्या अंकात त्या खुर्चीत पुरुष बसलेला असतो आणि बेसी खाली बुटक्या स्टुलावर त्याची नखं घासत असते. फ्रान्समध्ये ती त्याच खुर्चीत बसते. एवढंच. कागदावर वाचून मला ते फार हुशारीचं वाटलं होतं, पण वाचनाच्या वेळी नटीने खुर्ची मागे कलवली आणि छताकडे पाहिलं, तेव्हा खोलीतले सगळे वर बघायला लागले.

खरी अडचण वेगळीच निघाली. बेसीच्या आयुष्यात एक प्रसंग आहे. १९२२ मध्ये तिला एका चित्रपटात काम मिळालं. शाळेसाठी पैसे हवेच होते, तिने होकार दिला. मग कळलं, पहिल्याच दृश्यात तिने फाटक्या कपड्यांत, हातात काठी, पाठीवर गाठोडं, अशी अडाणी खेडवळ मुलगी शहरात आलेली दाखवायची आहे. ती काम सोडून निघून गेली. चित्रपट कृष्णवर्णीयांच्याच कंपनीचा होता, त्यामुळे आपल्याच लोकांनी तिच्यावर लहरीपणाचा शिक्का मारला. तिने पर्वा केली नाही.

हा प्रसंग लेखिकेने दुसऱ्या अंकात लिहिला होता, चांगला लिहिला होता. एका संध्याकाळी सुरुवातीपासून सलग वाचत होतो. नाटकाचा पडदा उघडायचा तो कापसाच्या रानात. दहा वर्षांची बेसी, अनवाणी, फाटका झगा, पाठीवर पोतं. मागून कोरस. चाल अशी की दगडालाही पाझर फुटेल. मीच ती वाजवत होते आणि माझेही डोळे भरून येत होते. आणि तासाभराने दुसऱ्या अंकात तीच बेसी म्हणते, मला चिंध्यांमध्ये दाखवायचं असेल तर मी निघाले. वाचन थांबलं. कोणी काही बोलेना. शेवटी लेखिकाच म्हणाली, ही बाई आपलंही नाटक पहिल्या पाच मिनिटांत सोडून गेली असती.

त्या रात्री दीड वाजेपर्यंत वाद चालला. एक बाजू म्हणाली, गरिबी खरी होती, ती लपवायची कशाला? दुसरी म्हणाली, गरिबी दाखवायची आणि दीनवाणेपण दाखवायचं यात फरक आहे, प्रेक्षकाच्या हळहळीवर तिकिटं विकायची नाहीत. मला विचाराल तर दुसरी बाजू बरोबर होती. आपल्याकडेही थोर माणसांची नाटकं-सिनेमे बघा, पहिला अर्धा तास कंदिलाखाली अभ्यास आणि आईच्या पदराला ठिगळ. त्या माणसांना स्वतःकडे असं बघितलेलं चाललं असतं का, हे कोणी विचारत नाही.

तोडगा कुठे मिळाला तर हिशेबात! बेसी लहानपणी गणितात फार पक्की होती. कापसाचं वजन, मजुरी, घरचा सगळा हिशेब ती ठेवायची. आता पडदा उघडतो तो काट्यापाशी. रान तेच, पोतं तेच, झगाही तोच असेल, पण ती मुलगी मुकादमाच्या काट्याकडे बघत आकडे मोजते आहे. तो चुकीचा आकडा सांगतो, ती बरोबर सांगते. गाणं आकड्यांचंच आहे. जलद लय, टाळ्यांचा ठेका. हे गाणं लिहिताना मला जरा जास्तच विचारलं गेलं, कारण त्या खोलीत हिशेबनीस मी एकटी. आईला दया यावी असं त्या मुलीत काही नाही, मुकादमाला भीती वाटावी असं आहे.

आणि हे एकदा ठरल्यावर बाकीचं नाटकही त्या कसोटीवर घासावं लागलं. सगळ्यात जास्त घासलं गेलं ते फाटकाचं गाणं.

१९२५ मध्ये बेसी स्वतःच्या गावी, वॅक्साहाचीला, हवाई कसरती दाखवायला आली. संयोजकांनी मैदानात शिरायला दोन फाटकं ठरवली होती, गोऱ्यांचं वेगळं आणि काळ्यांचं वेगळं. बेसीने सांगितलं, एकच फाटक असेल तर उडेन, नाहीतर नाही. त्यांना मानावं लागलं. सगळे एकाच फाटकातून आत शिरले. आत बसायच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या.

आता यावर गाणं कसं करायचं? आमचे एक हितचिंतक आहेत, नाटकात पैसे घालणारे. त्यांचं म्हणणं साफ होतं. फाटक उघडतं, कोरस गात आत शिरतो, टाळ्या, मध्यंतर. प्रेक्षक खुशीत कॉफी प्यायला बाहेर. बसायच्या जागांचं नंतर एका वाक्यात सांगा, किंवा सांगूच नका, कोणाला माहीत आहे? व्यवसाय म्हणून त्यांचं चूक नव्हतं. पण लेखिकेची आजी टेक्सासची. ती म्हणाली, माझ्या आजीला माहीत होतं.

दोन महिने त्या गाण्याचे सात आराखडे झाले. एकात बेसी रागावून भाषण करायची, ते खोटं वाटायचं, कारण ती त्या दिवशी उडाली होती. जागा वेगळ्या आहेत हे दिसत असूनही उडाली. तिने कुठे अडायचं आणि कुठे पुढे जायचं याचा स्वतःचा काही हिशेब केला होता. तो आपल्याला पटो न पटो, तिचा होता. शेवटी संगीतकाराने उत्तर सुरात शोधलं. कोरस एकाच फाटकातून एका आवाजात गात आत येतो, खूप मोठा, चर्चमधल्यासारखा भरलेला आवाज. शेवटच्या कडव्यात गाता गाताच लोक डावी-उजवीकडे सरकू लागतात, सवयीने, कोणी सांगितलेलं नाही. एकच चाल दोन्ही बाजूंनी मागेपुढे ऐकू यायला लागते. मधे बेसी एकटी उरते. आणि गाणं षड्जावर येत नाही. प्रत्येक कानाला वाटतं आता 'सा' येणार, आणि तिथे विमानाचं इंजिन सुरू होतं. मध्यंतर.

पहिल्या वाचनाला लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले आणि ते हात तसेच राहिले. पैसे घालणारे गृहस्थ मागच्या रांगेत होते. बाहेर येऊन म्हणाले, कॉफी कमी विकली जाईल, पण हे ठेवा.

रागदारीचं काय, असं कालपासून मला तिघांनी विचारलं. काही नाही! एकदा संगीतकारानेच विचारलं होतं, तुमच्याकडचं काही वापरू का, नवीन वाटेल. मी नको म्हटलं. बेसीच्या कानावर होतं चर्चमधलं गाणं, रानातलं गाणं, आणि शिकागोच्या साउथ साइडवरचा जॅझ. १९२२ च्या उन्हाळ्यात लुई आर्मस्ट्राँग किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये वाजवायला त्याच वस्तीत आला. एवढं श्रीमंत कान असलेल्या बाईला भूप कशाला ऐकवायचा? फक्त एक गोष्ट त्याने माझ्याकडून घेतली. पहिल्या एकट्या उड्डाणाच्या वेळी गाणं काही केल्या जमत नव्हतं, कारण हवेत गेल्यावर 'काय बदललं' याचं उत्तर शब्दांत येईना. मी घरून तानपुऱ्याचा आवाज मोबाइलवर लावून आणला. तो बराच वेळ ऐकत बसला आणि मग सगळं गाणं काढून टाकलं. आता तिथे डबल बासवर एकच खर्ज चालू राहतो, नटी शब्दांशिवाय दीड मिनिट गाते, आणि दिग्दर्शक प्रश्न विचारत नाही.

शेवटाबद्दल सांगायला पाहिजे, कारण तो अजून ठरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी, बेसी विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारणार होती. जागा नीट बघून घ्यावी म्हणून ती आदल्या दिवशी वर गेली. विमान जुनं कर्टिस जेनी. चालवत होता तिचा तंत्रज्ञ विल्यम विल्स, टेक्सासचा गोरा तरुण. कडेवरून वाकून खाली मैदान दिसावं म्हणून तिने पट्टा बांधला नव्हता. विमानाने अचानक सूर मारला, उलटं झालं, ती बाहेर फेकली गेली. विल्स विमानासकट कोसळला. नंतर सापडलं की एक पाना यंत्रणेत अडकून बसला होता. कोणाचा कट नव्हता. एक सैल पाना.

नाटकवाल्यांना असा शेवट आवडत नाही. खलनायक नाही, कारण नाही, लोखंडाचा एक तुकडा. दिग्दर्शकाला पाना दाखवायचाच नाही, लेखिकेला तो दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. सध्याच्या आराखड्यात ती पडताना दिसत नाही. ती खुर्चीत आहे, सबंध नाटकभर वर बघणारी ही बाई पहिल्यांदा खाली बघते, पट्टा सोडते, वाकते. अंधार. मग कोरस न गाता साध्या गद्यात सांगतो. शिकागोला अंत्यविधीत आयडा बी. वेल्स बोलल्या. हजारो लोक आले. १९३१ पासून कृष्णवर्णीय वैमानिक दरवर्षी तिच्या थडग्यावरून विमानं नेऊन फुलं टाकू लागले. १९९२ साली मे जेमिसन अंतराळात गेली तेव्हा तिने बेसीचा फोटो बरोबर नेला.

विल्सला एखादं पद द्यायचं की नाही यावर अजून भांडण चालू आहे. मला वाटतं द्यावं. शेवटच्या उड्डाणात दोघं होती, आणि ते जुनाट विमान डल्लासहून जॅक्सनव्हिलपर्यंत दुरुस्त करत करत त्यानेच आणलं होतं. त्या प्रवासात तो तिच्याबद्दल काय विचार करत होता, हे एका गोऱ्या मुलाच्या तोंडून ऐकायला मला आवडेल. लेखिकेचं म्हणणं, शंभर वर्षं सगळी पदं त्यांचीच होती, हे एक राहू दे. दोघींचंही बरोबर असू शकतं. पुढचं वाचन सप्टेंबरात आहे, एकोणतीस तास, तोवर ठरेल.

मघाशी बाईंनी विचारलं, फाटकाच्या गाण्यात 'सा' येत नाही म्हणजे नेमकं काय करता? बाई, ते बोलून नाही सांगता येणार. ती पेटी जरा इकडे सरकवता का कोणी? काळी दोन अजून चिकटते का बघते.

(यानंतर वक्त्यांनी पेटीवर फाटकाच्या गाण्याचा शेवटचा भाग वाजवून दाखवला. बाईंच्या आग्रहावरून दोनदा. – संपादक मंडळ)